मूळ कार्डाशिवाय कुत्र्याला प्रवेश नाही

कागदपत्रांच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो! एकवीस वर्षं झाली, सरकारी कार्यालयात आवक-जावकचं टेबल सांभाळतो आहे. कागद आला की तारीख, क्रमांक, शिक्का! घरीसुद्धा तीच शिस्त. विजेच्या बिलांची फाईल वेगळी, गॅसची वेगळी, डिंपलच्या शाळेची वेगळी. लग्नात आहेर म्हणून आलेल्या मिक्सरचं वॉरंटी कार्ड आजही माझ्याकडे आहे. मिक्सर कधीचाच भंगारात गेला, पण कार्ड आहे!

त्यामुळे एप्रिलच्या एक तारखेला आमच्या दुर्गेश्वरीने विषय काढला, तेव्हा मी अजिबात डगमगलो नाही.

"अवो, योगराजचं लगन आलं. वीस तारखेले निघा लागते. कॅप्टनचं काय करता?"

योगराज हा तिचा एकुलता एक भाऊ. सासर माझं अर्जुनी मोरगावचं. आणि कॅप्टन म्हणजे आमचा कुत्रा. रंग तपकिरी, डावा कान फाटका आणि पुढचा उजवा पाय पांढरा, चुन्याच्या डब्यात बुडवल्यासारखा. चार वर्षांपूर्वी डिंपलने तो इथेच, गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यातल्या आमच्या गल्लीतून उचलून आणला होता.

त्याला लग्नाला नेण्याचा प्रश्नच नव्हता. साखरपुड्याला नेला, तेव्हा त्याने नवरीच्या मामांचा एक बूट तोंडात धरून घरामागच्या बोडीत नेऊन टाकला. बोडी म्हणजे आमच्याकडे धानाला पाणी देणारं लहान तळं. जानेवारीत ती काठोकाठ भरलेली! मामा एका बुटावर जेवले आणि एका बुटावर घरी गेले. तेव्हापासून सासूबाईंचा निरोप पक्का होता, "आता कुत्रा आनसाल तं जवाई बी तिकडंच राहू द्या!"

इकडे बारा वर्षांची डिंपल म्हणाली, "कॅप्टनले एकटं सोडून मी नाही येत."

त्यावर दुर्गेश्वरी म्हणाली, "पोरीले टाकून मी नाही जात."

झालं! एकुलत्या एका भावाचं लग्न आणि सख्खी बहीण मांडवात नाही, असं घडलं असतं तर माझं उरलेलं आयुष्य कसं गेलं असतं, याची मला पूर्ण कल्पना होती. मी छातीवर हात मारून म्हणालो, "माझ्यावर सोड! त्याले आपण हॉस्टेलात ठेवू!"

कुत्र्यांचं हॉस्टेल खुशाल नावाच्या माणसाने शहराबाहेर नव्यानेच काढलं होतं. मी दुसऱ्याच दिवशी तिथे पोचलो. पंधरा खोल्या, पंधरा कुलर, दारात पाण्याची भांडी. आणि भिंतीवर यादी! रेबीजची लस, एका वर्षाच्या आतली. सात रोगांची लस, तीही वर्षाच्या आतली. पहिल्यांदाच घेतली असेल, तर चौदा दिवस उलटलेले हवेत. जंताचं औषध. आणि सगळ्यात खाली लाल अक्षरांत, 'मूळ कार्डाशिवाय कुत्र्याला प्रवेश नाही. झेरॉक्स चालणार नाही.'

मला भरून आलं! काय यादी होती! आमच्या कार्यालयातसुद्धा इतकी स्वच्छ यादी लागत नाही.

"सर, बाकी लोग लिस्ट देखके झगडा करते हैं," खुशाल म्हणाला. "खूश होनारे तुमीच पहिले."

"पण एवढी कडक काऊन ठेवली?"

"पंधरा कुत्रे एका जागी राहतात सर. एकाले बिमारी आली का पंधराच्या पंधरा गेले समजा. कार्ड नव्हतं म्हनून मी माह्या सख्ख्या मावशीचा कुत्रा वापस पाठवला. मावशी अजून बोलत नाही."

"शाब्बास!" मी म्हणालो. असा माणूस भेटायला भाग्य लागतं.

मी शीळ घालत घरी आलो आणि यादी वाचून दाखवली. दुर्गेश्वरी निवांतपणे म्हणाली, "मंग कायची चिंता? मांगच्या जूनमंदी तुमी सुई मारून आनली होती ना? काढा कार्ड."

माझी शीळ थांबली.

आता तुम्हाला म्हणून खरं सांगतो. गेल्या जूनमध्ये मी कॅप्टनला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेलो होतो, यात तिळमात्र खोटं नाही. पण फाटकातच तो पट्ट्यातून मान काढून पळाला. मी पाव तास हाका मारल्या. मग समोरच्या टपरीवर दोन कचोऱ्या खाल्ल्या, जरा गप्पा झाल्या आणि तासाभराने घरी आलो. पाहतो तर कॅप्टन माझ्या आधी पायरीवर बसलेला! दुर्गेश्वरीने विचारलं, "झालं का?" तोंडात कचोरीचा शेवटचा घास होता, म्हणून मी नुसती मान हलवली. एवढंच. पण एकदा हललेली मान परत घेता येत नाही.

"कार्ड फाईलमध्ये असेल," मी म्हणालो. "शोधतो."

"तुमाले शोधा लागते?" तिने डोळे बारीक केले. माझ्या घरात कोणताही कागद अर्ध्या मिनिटात सापडतो, हे मीच तिला पंधरा वर्षं ऐकवत आलो होतो.

पण मी मागे हटणारा माणूस नाही. मनाशी हिशेब केला. निघायची तारीख वीस. त्यातून चौदा दिवस वजा केले तर उरली सहा. म्हणजे पाच तारखेला सुई मारायची आणि नवं कार्ड घ्यायचं. वर्षभरापूर्वीची एक मान सोडली तर सगळं कायदेशीर!

पाच तारखेला अर्धी रजा टाकली. कॅप्टन स्कूटरवर माझ्या पायांशी ऐटीत उभा राहिला. पण दवाखान्याची गल्ली दिसली मात्र, त्याने रडायला सुरुवात केली आणि सरळ माझ्या ब्रेकच्या पायावर बसला! मला नवल वाटलं. या कुत्र्याने दवाखाना आतून पाहिलेलाच नव्हता, मग त्याला कळलं कसं? बरं, आत गेल्यावर तो इकडेतिकडे न बघता थेट तिसऱ्या बाकाखाली शिरला, कपाटाच्या आडोशाला. जागा राखून ठेवल्यासारखा!

कंपाउंडर मुन्ना त्याच्याकडे टक लावून पाहत राहिला. "साहेब, हा फाटक्या कानाचा कुत्रा म्या पाह्यलो आहे कोठीतरी."

"तपकिरी कुत्रे सगळे सारखेच दिसतात."

"यानं मले चावलं होतं वाटते."

"दुसरा असेल!"

मुन्नाने आपलं मनगट पाहिलं, कॅप्टनचं तोंड पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकला.

डॉक्टर नवीन होते, त्याच महिन्यात बदलून आलेले. त्यांनी विचारलं, "याआधी लस दिली आहे का?"

"नाही," मी म्हणालो. अनोळखी माणसासमोर खरं बोलणं किती सोपं असतं!

"मग ही पहिली धरतो. पुढचा डोस महिन्याभराने. धरा त्याला."

धरा म्हणे! कॅप्टन बाकाखाली, म्हणून मीही बाकाखाली. त्याने माझी कॉलर धरली, मी त्याचा पांढरा पाय धरला. बाक उलटलं. बाकावर शेळी घेऊन बसलेल्या आजोबांची शेळी सुटली आणि तिने डॉक्टरांच्या टेबलावरचे कागद खायला घेतले. कागद! मी एका हाताने कुत्रा आणि दुसऱ्या हाताने शेळीच्या तोंडातलं रजिस्टर ओढत होतो. पण सोडलं एकालाही नाही! सुया टोचून झाल्या. कार्ड तयार झालं. नाव कॅप्टन, मालक चंद्रकुमार, खूण डावा कान फाटका. मी तिथेच उभ्या उभ्या त्यावर आवक क्रमांक टाकला.

घरी आल्यावर दुर्गेश्वरीला कार्डाचं फक्त कव्हर दाखवलं. "सापडलं!"

"शर्टाची कालर कोनं फाडली?"

"फाईल शोधताना अडकली."

त्या दिवसापासून कॅप्टनने माझ्याशी संबंध तोडले. स्कूटरचा आवाज आला की तो कंपाउंडवरून पलीकडे उडी मारायचा. मी म्हटलं, असू दे. कागद पूर्ण आहे.

आणि कागद पूर्ण असला की मला गप्प बसवत नाही. त्याच संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी, केशोरावच्या किराणा दुकानासमोर मी सगळ्यांना यादी समजावून सांगितली. रेबीज काय, सात रोग काय, चौदा दिवस काय! केशोराव तराजू पुसत म्हणाला, "सुई तं माराच लागते भाऊ. आमी बी मारली, शिबिरात." मला वाटलं, गाईबद्दल बोलतो आहे.

आमच्या भिंतीला भिंत असलेल्या निर्मलाबाई मात्र फार लक्ष देऊन ऐकत होत्या. त्या निवृत्त शिक्षिका, एकट्याच राहतात. "मूळ कार्डच लागतं का?" त्यांनी विचारलं.

"मूळच! झेरॉक्स चालत नाही!"

"मग त्या खुशालचा फोन नंबर द्या बरं. वीस तारखेला मला मोतीबिंदूसाठी नागपूरला लेकीकडे जायचं आहे."

मोतीबिंदूचा आणि खुशालचा काय संबंध, असं क्षणभर मनात आलं. पण माझ्या बोलण्याचा कोणावर तरी परिणाम होतो आहे, या आनंदात मी नंबर देऊन टाकला.

वीस तारीख उजाडली. गाडी दुपारची होती. बॅगा भरल्या, नवरीची साडी ठेवली, मामांसाठी भरपाई म्हणून नवे बूट घेतले. नऊ वाजता कॅप्टनला हाक मारली. कॅप्टन नाही! माडीवर नाही, पलंगाखाली नाही, गल्लीत नाही. निर्मलाबाईंच्या दाराला कुलूप. दहा वाजले. डिंपल रडायला लागली. दुर्गेश्वरी बॅगेवर बसली.

"राहू द्या आता," ती म्हणाली. "फोन करून सांगतो आईले, आमी नाही येत म्हनून. एकच भाऊ आहे मले." आणि तिने पदर डोळ्यांना लावला. तिच्या रागाची मला सवय आहे, पण ते रडणं मला बघवलं नाही. मी तिरासारखा बाहेर पडलो.

"केशोराव! आमचा कुत्रा पाह्यला का? तपकिरी, कान फाटका!"

"तपकिरी, कान फाटका? तो तं माहा मॅनेजर होय!"

"कोन मॅनेजर?"

"माहा कुत्रा. रोज संध्याकारी दुकानातल्या पोत्यावर बसून राहते, गिऱ्हाइकावर ध्यान ठेवते, म्हनून मॅनेजर. सकारीच निर्मलाबाईसंगं ऑटोत बसून गेला."

"केशोराव, तो कॅप्टन आहे! माझा आहे!"

"तुमचा कायले? चार वर्सापासून माह्या घरचे पार्लेचे पुडे खाऊन राहिला!" आणि त्याने कॅलेंडरच्या खिळ्यावरून एक मळकं कार्ड काढून माझ्यासमोर आपटलं. नाव मॅनेजर, मालक केशोराव, खूण डावा कान फाटका. शिबिराचा शिक्का!

मी कार्ड उजेडात धरून पाहिलं. शिक्का खरा होता. आणि मोतीबिंदूचा आणि खुशालचा काय संबंध, तेही आता मला कळलं.

दहा मिनिटांत आम्ही सगळे केशोरावच्या मालवाहू टेम्पोत होतो. पुढे तो आणि दुर्गेश्वरी, मागे तेलाच्या डब्यांमध्ये मी, डिंपल, बॅगा आणि मामांचे बूट.

हॉस्टेलात पाहिलं तर साहेब कुलरसमोर, स्वच्छ टॉवेलवर डोळे मिटून पडलेले! आणि निर्मलाबाई टेबलापाशी सुंदर अक्षरात फॉर्म भरत होत्या. नाव, 'गोविंदा'.

"अरे, चंद्रकुमार! तुमचे आभारच मानायचे होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही यादी सांगितलीत म्हणून माझ्या गोविंदाची सोय झाली."

"बाई, हा आमचा कॅप्टन आहे!"

"मॅनेजर!" मागून केशोराव ओरडला.

"दिवसभर कुठे असतो हो तुमचा कॅप्टन?" बाईंनी चष्मा वर केला.

"घरी!"

"तुम्ही तिघंही बाहेर, तुमच्या घराला तर दहा ते सहा कुलूप असतं. तो माझ्या पंख्याखाली असतो. दुपारी माझ्याबरोबर वरणभात खातो आणि तिनाच्या चहाला उठतो."

मी डिंपलकडे पाहिलं. ती म्हणाली, "म्हनूनच तो संध्याकारी जेवत नाही, बाबा."

"झगडा नका करू," खुशाल म्हणाला. "इथं आवाज करून कुत्रा भेटत नाही. कार्ड दाखवा."

कार्ड! माझ्या अंगात बळ आलं. आता गोष्ट माझ्या टेबलावर आली होती! मी दोन्ही हातांनी माझं कोरं करकरीत कार्ड ठेवलं. केशोरावने त्याचं मळकं कार्ड ठेवलं. निर्मलाबाईंनी पर्समधून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून पाकीट काढलं, आणि पाकिटातून कार्ड.

काय सांगू तुम्हाला! चार वर्षांच्या नोंदी, ओळीने. दर जूनला लस, प्रत्येक बाटलीची चिकटपट्टी, डॉक्टरांची सही, वजन, जंताच्या औषधाच्या तारखा. आणि वर फोटो, दिवाळीला गळ्यात झेंडूची माळ घातलेल्या कॅप्टनचा! एकवीस वर्षांत इतका परिपूर्ण कागद माझ्या टेबलावर आला नव्हता. माझा हात शिक्क्यासाठी आपोआप खिशाकडे गेला.

खुशालने तिन्ही कार्डं वाचली. "केशोरावभाऊ, तुमच्या कार्डावर फक्त रेबीज, आनि तेही दोन वर्सं जुनं. कॅन्सल. सर, तुमच्या कार्डावर दोन्ही सुया पहिल्याच, पंधरा दिवसाआधीच्या. त्याच्या पहिले काहीच नाही. बाईचं कार्ड पक्कं आहे."

"पहिल्याच?" दुर्गेश्वरी म्हणाली.

मी घाईघाईने माझं कार्ड परत खिशात घालायला लागलो.

"मंग मांगच्या जूनमंदी सुई कोनाले मारली?"

सांगितलं. काय करणार! फाटक, पट्टा, दोन कचोऱ्या, मान. सगळं सांगितलं. डिंपल म्हणाली, "बाबा!" त्या एका शब्दाने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात निर्मलाबाई म्हणाल्या, "थांबा. तो शनिवार होता का? मी बाजारातून येत होते. दवाखान्याच्या फाटकाशी गोविंदा एकटाच बसलेला दिसला. मला वाटलं, तारीख लक्षात ठेवून स्वतःच आला! म्हटलं, केवढं शहाणं लेकरू! आत नेऊन सुया मारल्या, त्या मुन्नाला जरा चावला, मग ऑटोने घरी आणून सोडला."

म्हणजे मी कचोरी खात होतो तेव्हा माझ्या पाठीमागे दहा पावलांवर माझ्या कुत्र्याला सुई मारली जात होती! मी टुणकन उडी मारली. "ऐकलं का? सुई मारली होती! मी खोटं बोललोच नव्हतो!"

दुर्गेश्वरीने नुसतं पाहिलं. मी उडी मागे घेतली.

"आणि तुम्ही पाच तारखेला त्याला परत टोचलंत?" बाई कडाडल्या. खुशालने लगेच डॉक्टरांना फोन लावला. काळजीचं कारण नाही, पण यापुढे या कुत्र्याचं एकच कार्ड चालेल, असा निरोप आला. मी आणि केशोरावने मुकाट्याने माना हलवल्या. बाईंच्या कार्डावर गोविंदा दाखल झाला, डिंपलने त्याचा मुका घेतला आणि आम्ही धावत गाडी पकडली.

लग्न थाटात झालं. दुर्गेश्वरी भावाच्या पाठीशी उभी राहिली, आणि तिचा चेहरा पाहून मी माझे सगळे हाल विसरलो. फक्त पंगतीत सासूबाई स्वतः वाढायला आल्या. सगळ्यांच्या पानात जिलेबी आणि माझ्या पानात मोजून दोन कचोऱ्या!

"खा जवाईबापू," त्या म्हणाल्या. "मान हालवू नका, तोंडानं सांगा पाह्यजे का आनखी."

चोवीस तारखेला परत आलो. मी एकटाच स्कूटर घेऊन ताठ मानेने हॉस्टेलात गेलो. खुशालने फॉर्म काढला. "सर, कार्ड ज्याचं कुत्रा त्याचा. बाई नागपूरले आहेत. तुमाले कसा देऊ?"

मी वाद घातला नाही. नियम म्हणजे नियम! नागपूरला फोन लावला. बाईंच्या डोळ्याला पट्टी, पण आवाज वर्गातलाच. "लिही खुशाल," त्यांनी स्पीकरवरून सांगितलं. "मालकीण हजर नसल्यास कुत्रा पुढील व्यक्तीकडे द्यावा. चंद्रकुमार, शेजारी. कुत्रा यांना ओळखतो."

खुशालने लिहिलं. मग दार उघडलं. कॅप्टन शेपूट हलवत बाहेर आला, त्याने मला पाहिलं, माझ्या मागची स्कूटर पाहिली आणि सरळ खुशालच्या टेबलाखाली जाऊन बसला.

खुशालने टेबलाखाली पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग पेन उचलून 'ओळखतो'च्या आधी बारीक अक्षरात एक शब्द घातला, 'थोडाफार'.

त्या कागदावर मी रीतसर आवक क्रमांक टाकला आहे. मूळ प्रत माझ्या फाईलमध्ये आहे, कधीही येऊन पाहा. कुत्रा पाहायचा असेल तर मात्र शेजारी विचारा.